बिल्जचे पाणी आणि १५ पीपीएम

जहाजाचे इंजिनरूम कितीही चकाचक ठेवले तरी तळाशी काळपट पाणी साचतेच. पंपाच्या ग्लँडमधून ठिबकणारे समुद्राचे पाणी, एअर कूलरमधून निथळणारा ओलावा, एखादी गळकी फ्लँज, पायाखालच्या प्लेटा धुतलेले पाणी आणि या सगळ्यात मिसळलेले डिझेल, ल्युब ऑइल, ग्रीस. हे बिल्ज. ते साठवून ठेवायला टाकी असते, पण तीही कधीतरी भरतेच. तसेच समुद्रात सोडायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची मनाई आहे. त्याचा तेलाविषयीचा भाग २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू झाला. आजच्या नियमाप्रमाणे बाहेर जाणाऱ्या पाण्यात तेल १५ पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे हजार लिटरमागे जेमतेम एक मोठा चमचा. हे जमवणारे यंत्र म्हणजे ऑइली वॉटर सेपरेटर. जहाजावर सगळे त्याला ओडब्ल्यूएस म्हणतात आणि पुष्कळदा ते फोर्थ इंजिनिअरच्या गळ्यात पडलेले असते.

दिसायला त्यात काही नाही. एकदोन उभी नळकांडी, गेज, व्हॉल्व्ह, शेजारी एक छोटा डबा. वरचा टेस्ट कॉक उघडला की पाणी येते की तेल, यावरून आत किती तेल जमले ते कळते.

तेल हलके, ते आपोआप वर येणार, मग यंत्र कशाला? उत्तर थेंबाच्या आकारात आहे. स्टोक्सच्या नियमानुसार थेंबाचा वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.९ घनतेच्या तेलाचा १०० मायक्रॉनचा थेंब संथ पाण्यात मीटरभर चढायला अर्धा तास घेतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला दोन दिवस लागतात, आणि डुलत्या जहाजात पाणी दोन दिवस संथ कुठे राहते? म्हणून पहिल्या कप्प्यात मोठे थेंब वर काढले की उरलेले पाणी कोअलेसरमधून नेतात. त्याचे धागे बहुधा पॉलिप्रॉपिलीनसारख्या, तेलाला धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे असतात. बारीक थेंब त्यांना चिकटतात, एकमेकांत मिसळून फुगतात, सुटतात आणि वर जातात. चाळून वेगळे करणे नव्हे, थेंब मोठे करणे हीच यातली खरी युक्ती.

तिचा घात दोन गोष्टी करतात. एक, जोरात घुसळणारा सेंट्रिफ्युगल पंप. तो मोठ्या थेंबांचा चुरा करतो, म्हणून इथे सावकाश ढकलणारा स्क्रू पंप बरा. दुसरी, साबण. डिटर्जंटने प्लेटा लखलखीत होतात, पण ते पाणी बिल्जमध्ये गेले की तेल पाण्यात असे मिसळून बसते की कोअलेसरही हात टेकतो. तपासणीच्या आदल्या दिवशी उत्साहाने केलेली सफाई पुढे आठवडाभर नडते.

शेवटी तो छोटा डबा. नमुन्याच्या पाण्यातून प्रकाश सोडून तो तेल मोजतो. आकडा १५ च्या वर गेला की अलार्म वाजतो आणि तीन तोंडी व्हॉल्व्ह पाणी समुद्राऐवजी परत टाकीत वळवतो.

यंत्र प्रामाणिक आहे, पण त्याला वळसा घालता येतो. सेपरेटर टाळून पाणी थेट बाहेर नेणाऱ्या जोडाला या धंद्यात ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या क्रूझ जहाजाने इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर असेच बिल्ज सोडले. नव्याने रुजू झालेल्या एका इंजिनिअरने ते पाहिले, साउदॅम्प्टनला राजीनामा दिला आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना कळवले. तपासात आणखी एक चलाखी उघडी पडली. बिल्ज सोडताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, म्हणजे मीटरपुढे पातळ पाणी जाते आणि अलार्म गप्प राहतो. तेल तेवढेच, आकडा मात्र कमी! डिसेंबर २०१६ मध्ये प्रिन्सेस क्रूझ लाइन्सने गुन्हे कबूल करून ४ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. जहाजातून जाणूनबुजून केलेल्या प्रदूषणासाठी तोवरचा हा सर्वांत मोठा दंड होता.

हे सारे कशासाठी? अमेरिकेच्या न्याय विभागाने दिलेले कारण साधे आहे: बंदरात बिल्ज रीतसर उतरवून द्यायला पैसे पडतात. म्हणून मला वाटते, पीपीएमचा आकडा आणखी खाली ओढण्यापेक्षा बंदरातली ही सोय स्वस्त आणि झटपट करणे जास्त कामाचे. मार्पोलनेच ती देशांवर बंधनकारक केली आहे. नवा कायदा लागत नाही.