वर्षातले किती दिवस काम, आणि किती मजुरीवर?

२०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांतला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के निघाला. २०१७-१८ मध्ये तो ६ टक्के होता. सहा वर्षांत दर जवळपास निम्म्यावर आला, तर कष्टकऱ्यांच्या घरी तेवढी सुबत्ता यायला हवी होती. ती का दिसत नाही, हे कळण्यासाठी त्याच सर्वेक्षणातले आणखी दोन आकडे बघावे लागतात. काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारातल्या लोकांचं प्रमाण ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेलं आहे. आणि शेतीत राबणाऱ्यांचा वाटा अजूनही ४६ टक्के आहे. म्हणजे वाढलेल्या रोजगाराचा मोठा भाग घरची शेती, शेळ्या, टपरी, शिलाई असा आहे.

हा दर मोजतात कसा? ‘नेहमीच्या स्थिती’च्या मोजणीत एखाद्याने वर्षाचा बराच काळ काम शोधण्यात घालवला, तरी मधे तीस दिवस काही काम केलं असेल तर तो रोजगारात धरला जातो. आठवड्याच्या मोजणीत तर सात दिवसांत एक तास काम पुरतं. जगभर साधारण अशीच व्याख्या वापरतात आणि तिच्यामागे कारणही आहे. पण ही व्याख्या ‘काम आहे की नाही’ एवढंच विचारते. किती दिवस आणि किती मजुरीवर, हे ती विचारत नाही. आणि ज्या समाजात बसून खाण्याची ऐपत कुणाचीच नाही, तिथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘आहे’ असंच येतं. गरिबाला बेरोजगार राहणं परवडत नाही. म्हणून मला वाटतं, एखाद्या भागाचा विकास जोखायचा तर दरडोई उत्पन्न आणि बेरोजगारी यांच्याही आधी कामाचे दिवस आणि मजुरीचा दर यांचा गुणाकार मांडावा.

महाराष्ट्राचंच बघू. २०११ च्या जनगणनेत राज्यात ४ कोटी ९४ लाख लोक काम करणारे होते. त्यांतले सुमारे २५ टक्के शेतकरी आणि २७ टक्के शेतमजूर, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त. त्या सुमाराला राज्याच्या उत्पन्नात शेती व संलग्न क्षेत्रांचा वाटा साधारण १२-१३ टक्के होता. भागाकार केला तर शेतीबाहेरचा माणूस शेतीतल्या माणसाच्या साधारण साडेसात पट उत्पन्न निर्माण करतो, असं निघतं. राज्याचं उत्पन्न दरसाल वाढतं ते मुख्यतः मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात. ती वाढ जालन्याच्या शेतमजुरापर्यंत आपोआप झिरपत नाही, कारण या दोन अर्थव्यवस्थांना जोडणारा पूल म्हणजे शेतीबाहेरचं काम, आणि ते त्याच्या गावाजवळ नाही.

गावात उरते ती जमीन. १९७०-७१ मध्ये राज्यातलं सरासरी वहितीखातं ४.२८ हेक्टरचं होतं; २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. खाती ४९ लाखांवरून दीड कोटीवर गेली. बहुतांश पेरा कोरडवाहू, तोही एका हंगामाचा. तीन-सव्वातीन एकरांतलं सोयाबीन किंवा कापूस एका कुटुंबाला चार-पाच महिने गुंतवतं, आणि तेही सलग नाही. उरलेल्या दिवसांचं काय, इथून ग्रामीण गरिबीचा खरा प्रश्न सुरू होतो.

हा प्रश्न नेमका मांडण्याचं श्रेय पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं. १९७१ च्या त्यांच्या अभ्यासात दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही किमान पातळी धरली होती. १९६०-६१ च्या भावाने ती ग्रामीण भागात महिना माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये येत होती. त्या हिशेबाने ग्रामीण भागातले ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते. जमीन कितीही वाटली तरी सर्वांना पुरणार नाही, म्हणून ज्यांच्याकडे पोटापुरती जमीन नाही त्यांना सार्वजनिक कामांवर मजुरी द्यावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ती रेषा पुढे अनेकदा बदलली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ मध्ये महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी ती महिना माणशी ९६७ रुपये होती, आणि ग्रामीण महाराष्ट्रात २४ टक्के लोक तिच्याखाली होते. पाच जणांच्या घराला ती वर्षाला ५८ हजार रुपये पडते. त्यानंतर महागाईचा निर्देशांक जवळपास दुपटीकडे गेला. आजच्या भावाने धरलं तर त्याच जुन्या, अत्यंत काटकसरीच्या रेषेवर नुसतं टेकायला त्या घराला वर्षाला किमान एक लाख दहा हजार रुपये लागतात. ही रक्कम किती दिवसांच्या कामातून उभी राहते, ते आता बघू.

बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. हिशेबाचं एकक ‘कोयता’. एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुधा नवरा-बायको. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. जानेवारी २०२४ च्या कराराने तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. धडधाकट जोडीने दिवसाला दोन टन तोडले, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. दिवस मात्र पहाटे सुरू होतो आणि बारा तासांच्या खाली सहसा संपत नाही. ट्रक रात्री दोनला आला तरी भरावा लागतोच. माणशी ३६६ भागिले बारा म्हणजे तासाला साडेतीस रुपये. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, आठ तासांनी तासाला ३७ रुपये. म्हणजे तासाच्या हिशेबाने ऊसतोड ही सरकारी मातीकामाहूनही स्वस्त मजुरी आहे.

मग माणसं गाव सोडून का जातात? उत्तर पुन्हा दिवसांत आहे. गाळप नीट चाललं तर कोयत्याला सलग १२० दिवस काम मिळतं, म्हणजे सुमारे ८८ हजार रुपये. रोजगार हमीत देशभरात एका कुटुंबाला वर्षाकाठी सरासरी ५० दिवसांच्या आसपास काम मिळत आलं आहे. २९७ रुपयांनी ते पंधरा हजारांच्या आत राहतं. शिवाय मुकादमाकडून उचल हंगामाआधी एकरकमी हातात पडते. त्यातून लग्न, दवाखाना, सावकार भागतो. रोजगार हमीत आधी मस्टर, मग मोजमाप, मग बिल आणि मग खात्यावर पैसे. ज्याला दसऱ्याच्या आत चाळीस हजार द्यायचे आहेत, त्याला या रांगेत थांबता येत नाही. पण त्या ८८ हजारांतला मोठा भाग उचलीत आधीच खर्च झालेला असतो. हंगाम लवकर आटोपला, ऊस वजनात हलका निघाला किंवा दोघांतला एक आजारी पडला की फेड पुढच्या वर्षावर जाते आणि कोयता त्याच मुकादमाकडे बांधला जातो.

एक दिवस न गेल्यास खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही कापतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे सहापैकी एकीचं. त्या काळात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, तरी फरक एवढा मोठा आहे की तेवढ्याने तो पुसला जात नाही. कारणं अनेक आहेत: अस्वच्छ तळ, लहान वयातली लग्नं, खासगी दवाखान्यांची घाई. पण पाळीत, दुखण्यात एक दिवस घरी बसण्याची किंमत किती, हा हिशेब त्यांच्या मुळाशी आहे. कामाच्या दिवसाला सुट्टीची सोय नसेल, तर मिळालेला प्रत्येक दिवस शरीरातून वजा होतो.

प्रश्न असा कामाच्या दिवसांचा आहे, म्हणूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना मला या राज्याची सर्वांत मोठी आर्थिक कल्पना वाटते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात तिचा छोटा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर आली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. खर्चासाठी पगारदारांवर व्यवसायकर बसवला गेला. १९७७ च्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, काम मागणं हा हक्क झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तोच धागा उचलला. या कामांतून विहिरी, पाझर तलाव, बांधबंदिस्ती झाली. १९९० पासून फळबागाही तिला जोडल्या गेल्या. खरा फायदा इथे आहे. आजच्या दिवसाची मजुरी देताना तीच योजना पुढच्या वर्षांचे कामाचे दिवस वाढवू शकते, कारण विहिरीला पाणी लागलं की रब्बी उभी राहते आणि घराला घरच्याच शिवारात आणखी दोन-तीन महिन्यांचं काम मिळतं.

अलीकडे गरिबी मोजायला बहुआयामी निर्देशांक वापरतात. नीती आयोगाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रात असे गरीब २०१५-१६ मध्ये सुमारे १५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७.८ टक्क्यांवर आले. त्यांतल्या २०१५-१६ च्या आकड्यांवरच्या पहिल्या अहवालात नंदुरबार जिल्ह्याचा आकडा ५२ टक्के होता. राज्याच्या सरासरीत एखादा जिल्हा कसा हरवतो, हे तिथे दिसतं. या निर्देशांकात बारा कसोट्या आहेत: आरोग्याच्या तीन, शिक्षणाच्या दोन, राहणीमानाच्या सात. राहणीमानाच्या प्रत्येक कसोटीचं वजन एक-एकविसांश. एकूण अभाव एक तृतीयांश किंवा जास्त असेल तर कुटुंब गरीब. आता अशा घराची कल्पना करा, जिथे आरोग्य-शिक्षणाचा अभाव नाही, पण इंधन, शौचालय, पाणी, घर, वीज, चीजवस्तू आणि बँक खातं या सातही कसोट्यांवर कमतरता आहे. सात भागिले एकवीस म्हणजे बरोबर एक तृतीयांश, म्हणून ते गरीब. तिथे फक्त बँक खातं उघडलं की बेरीज सहा-एकविसांशांवर येते आणि घर गरिबीतून बाहेर पडतं. शौचालय, गॅस, वीज यांनी माणसांचं जिणं सुसह्य होतं. ही सुधारणा खरी आहे आणि ती नाकारण्याचं कारण नाही. मात्र बारा कसोट्यांत ‘काम’ ही कसोटी नाही. त्यामुळे निर्देशांक सुधारत असतानाच कोयत्यांची संख्या तशीच राहू शकते.

ही माणसं मोजली जातात कुठे, हेही यात महत्त्वाचं आहे. जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत होते. २०११ मध्ये ती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस जाहीर झाला आहे. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप. मोजणीचा सगळा काळ जो घराबाहेर असतो, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. म्हणजे धारूर, पाटोदा, शिरूर कासारची हजारो कुटुंबं कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडांवर मोजली जातील, आणि त्यांचे तालुके कागदावर हलके होतील. गावच्या शाळेच्या वर्गखोल्या, आरोग्य उपकेंद्र, पाणी योजना यांचा हिशेब त्याच लोकसंख्येवर बसतो, तर ही माणसं वर्षाचे सात-आठ महिने गावातच असतात. म्हणून मोजणीआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने दसऱ्यालाच कोयत्यांची यादी करावी: कोण, कोणत्या कारखान्याला, किती उचल घेऊन, किती मुलं सोबत घेऊन गेलं. रोजगार हमीच्या कामांचा पुढच्या वर्षाचा आराखडाही त्याच यादीवरून आखावा, म्हणजे फळबागेचं किंवा विहिरीचं काम मुकादमाची उचल वाटून होण्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, सुरू झालेलं असेल.