पावसाच्या अंदाजाची परिभाषा

एप्रिलच्या मध्यास भारतीय हवामान विभाग आगामी मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ असा मथळा झळकतो, तेव्हा बी-बियाण्यांच्या दुकानापासून सहकारी सोसायटीच्या कचेरीपर्यंत त्या एका शब्दाचा जो अर्थ लावला जातो, तो बहुधा अंदाज वर्तविणाऱ्याच्या मनातला अर्थ नसतो. ऐकणारा शेतकरी समजतो की आपल्या शिवारात वेळेवर आणि पुरेसा पाऊस होईल. वर्तविणारा शास्त्रज्ञ मात्र शिवाराविषयी काहीच बोललेला नसतो.

१९७१ ते २०२० या काळात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर पडलेल्या पावसाची सरासरी ८७ सेंटिमीटर भरते, आणि या आकड्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर त्यास ‘सरासरीइतका’ म्हणावे, ९० टक्क्यांहून कमी झाला तर ‘अपुरा’, असा विभागाचा दंडक आहे. शिवाय एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के अधिक-उणे धरूनच चालावे लागते. हा हिशेब साऱ्या देशाचा आणि साऱ्या हंगामाचा असल्यामुळे, कोकणात धो धो पाऊस कोसळत असता माण-खटावात जुलैभर ढग नुसते वाहून गेले आणि सप्टेंबरात एकदम कसर भरून निघाली, तरी ‘सरासरीइतका’ हा शब्द खरा ठरतो. उगवलेले पीक मात्र तोवर करपून गेलेले असते. शब्द खोटा नसतो, त्याचे माप सोबत आलेले नसते.

दैनंदिन अंदाजाचीही हीच गत आहे. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण त्यातील प्रत्येक पद तोलून वापरलेले असते. त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तेव्हा ‘तुरळक ठिकाणी’ म्हणावयाचे, निम्म्यांपर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’, आणि तीन चतुर्थांशांच्या वर गेला म्हणजे ‘बहुतांश ठिकाणी’. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत सुमारे ६५ मिलिमीटरपासून ११५ मिलिमीटरपर्यंत. त्यापुढे २०४ मिलिमीटरपर्यंत ‘अतिमुसळधार’. आता ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द ‘मुसळधार’ला जोडलेले असता आपल्या गावावर थेंबही न पडणे हे त्या अंदाजाशी पूर्णपणे सुसंगत आहे, हे ज्यास ठाऊक नाही तो वेधशाळेस दूषण देणारच, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही.

या शब्दांमागे मोठी परंपरा आहे. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली हिमालयावरील बर्फाच्या प्रमाणावरून मोसमी पावसाचे नियमित भाकीत करण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुभाराच्या नोंदींची सांगड घालून त्यास संख्याशास्त्राची बैठक दिली. १९८८ मध्ये आपले वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान सिद्ध केले आणि पुढील बरीच वर्षे त्याने लौकिक राखला. २००२ साली मात्र सरासरीइतक्या पावसाचे भाकीत असता जुलैत पावसाने जी ओढ दिली, तिच्यामुळे हंगामाअखेर १९ टक्क्यांची तूट उरली आणि ते प्रतिमान बदलणे भाग पडले. माझ्या मते या अपयशाहूनही ते उघडपणे मान्य करून पद्धती सुधारण्याची रीत अधिक मोलाची आहे. पंचांगात मृगाचे वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती आले म्हणून भरपूर पाऊस सांगितला जातो, पण तो न पडल्यास पुढील वर्षीच्या पंचांगात त्याचा जाब कोणी देत नाही.

अंदाज हा कालपरत्वे पक्व होत जातो, ही गोष्ट आपल्या महसुली दप्तराने मात्र फार नेमकेपणाने ओळखली आहे. पिकाची पैसेवारी, जिला दशमान नाणी १९५७ मध्ये येऊनही खेड्यापाड्यांत अद्याप आणेवारीच म्हणतात, एकदाच ठरत नाही. पीक उभे असता प्रथम ‘नजरअंदाज’ पैसेवारी, मग ‘सुधारित’ आणि कापणीचे प्रयोग हाती आल्यावर ‘अंतिम’, अशा तीन पायऱ्यांनी ती जाहीर होते. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलतींची मागणी तहसील कचेरीवर येऊन थडकते. येथे आकड्याच्या आधी लागलेले विशेषणच सांगते की तो किती काळ टिकावयाचा आहे, आणि म्हणून नजरअंदाज आकडा पुढे बदलला तर कोणी त्यास फसवणूक म्हणत नाही.

हवामान विभागही मेच्या अखेरीस आपला अंदाज सुधारतो आणि त्यातील अधिक-उणे चार टक्क्यांवर आणतो. परंतु लोकांच्या ध्यानी राहतो तो एप्रिलचा मथळा, कारण त्या मथळ्यात ‘प्रथम अंदाज’ एवढे दोन शब्द छापण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ते दोन शब्द आणि त्यांच्याखाली टक्केवारीचे लहानसे कोष्टक प्रत्येक वृत्तपत्राने छापावे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ते पेरणीपूर्वी लागावे.