निळ्या अक्षरांखालचा पत्ता

वर्ड या लेखनप्रणालींत वेबपत्ता लिहून पुढें जागा सोडली, कीं तीं अक्षरें निळीं व अधोरेखित होतात. आपण तर कांहींच सांगितलेलें नसतें! यंत्राला अर्थबोध झाला, असें मात्र समजूं नये. तें केवळ आकार ओळखतें: आरंभीं तीन डब्ल्यू व टिंब, अथवा मध्यें ॲटचें चिन्ह. त्या पत्त्यावर घर आहे कीं नाहीं, याची चौकशी तें करीत नाहीं.

खरी मेख पुढेंच आहे. त्या क्षणापासून पत्ता दोन ठिकाणीं राहतो. एक दिसणाऱ्या अक्षरांत, दुसरा त्यांखालीं गुप्त. वरचें चुकलेलें अक्षर मागाहून सुधारलें, तरी खालचा पत्ता जुनाच राहूं शकतो. (शुद्धलेखन तपासण्यांत जन्म घालविलेल्या आम्हां शिक्षकांना ही खोड फार जाचते.) वाचणारा शुद्ध पत्ता पाहून दाबतो आणि भलत्याच दारीं जातो. लबाड लोक तर वर बँकेचें नांव व खालीं स्वतःचें ठिकाण मुद्दामच ठेवतात. यास्तव दाबण्यापूर्वीं माउसचा बाण क्षणभर त्यावर स्थिर धरावा. खालचा पत्ता दिसतो.

दुवा नकोच असेल, तर तो उमटतांच कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबाव्या. अक्षरें राहतात, दुवा जातो. कायमची सुटका हवी असल्यास ऑटोकरेक्टच्या पर्यायांतील खूण काढावी. लिब्रेऑफिसमध्येंही तशी सोय आहे.