काचेच्या पेटीतला दर्या : दगड किती, पाणी किती?



१ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ. होड्या वर काढलेल्या, जाळी विणायला घेतलेली. अशा दिवसांत घरातली पोरं खाऱ्या पाण्याची मासळीची टाकी करू बघतात. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि मग बाबाला सांगायचं, "दर्यातून दगड आणून द्या." कधी टाकीवालेही होडीवाल्यांना पैसे देऊ करतात. म्हणून आज हा विषय.

खाऱ्या टाकीत ज्याला 'लाइव्ह रॉक' म्हणतात, तो दगड स्वतः जिवंत नसतो. तो असतो प्रवाळाचा जुना, सच्छिद्र सांगाडा. त्याच्या भोकाभोकांत जिवाणू वस्ती करतात. मासळीच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो मासळीला विषासारखा. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी पोचतो, तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास अशा दगडांवर चालणारी टाकी जगाला दाखवली.

मग जास्त दगड भरले तर जास्त चांगलं? नाही. दगड जागा खातो, पाणी कमी होतं. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. उन्हाने लगेच तापतं, वाफ झाली की मीठ लगेच चढतं.

हिशेब बघा. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. वर ५ सेंटिमीटर मोकळं सोडलं तर १६२ लिटर जागा. तळाला वाळूचा ३ सेंटिमीटरचा थर, त्यात ६-७ लिटर गेले. २० किलो दगड घातला, आणखी ७-८ लिटर गेले. हातात उरलं १४७ लिटरच्या आसपास. औषध, मीठ सगळं या आकड्यावर मोजायचं, टाकीवर लिहिलेल्या आकड्यावर नाही. सोपी युक्ती : पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून वहीत लिहून ठेवा.

जुना ठोकताळा लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम दगड असा आहे. पण भोकांचा दगड हलका, भरीव दगड जड, त्यामुळे नुसत्या वजनावर जाऊ नका. रचना टाकीच्या एक तृतीयांश जागेत बसली की पुरे. काचेपासून चार बोटं सोडा, म्हणजे काच पुसता येते आणि पाणी मागूनही फिरतं. दगड आधी तळावर घट्ट बसवा, वाळू नंतर. नाहीतर वाळू उकरणारी मासळी सगळा डोलारा पाडते.

टाकी तयार झाली म्हणून लगेच मासळी सोडू नका. चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की एक-दोन मासे सोडा. वाफेने पाणी उतरलं तर गोडं पाणी घाला, खारं नाही. मीठ उडून जात नाही, ते टाकीतच राहतं.

आता मुख्य गोष्ट. दर्यातला प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड काढू नका. आपल्या देशात प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, वर दंड. चार पैशांसाठी होडी आणि पोरगा दोन्ही अडकतील. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या खडपांत गोबरे नि तांबोशी लपतात, पिल्लं वाढतात, ती खडपं उचलून आपण उद्या गळ कुठे टाकणार?

त्यावर उपाय घरातच आहे. तिसऱ्यांच्या नि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा, सिमेंट आणि धुतलेली वाळू मिसळून भोकं-भोकं ठेवून दगड ओता. गोड्या पाण्यात काही आठवडे भिजवा, पाणी पुन्हा पुन्हा बदला, सिमेंटचा क्षार पूर्ण निघून जाऊ दे. मग चालू टाकीतला एखादा छोटा तुकडा सोबत ठेवला की जिवाणू त्यावर आपोआप पसरतात. जांभा मात्र वापरू नका, तो झिजतो आणि त्यात लोह फार.

कोणी दर्यातले दगड मागायला आला तर आपल्या पोरांनी काय सांगायचं, ते आजच घरात बोलून ठेवा. पोस्ट आपल्या वाड्यावरच्या सगळ्यांना पाठवा.