चढ आणि वळसा : सायकलमार्गाच्या निवडीचा विचार

परतवाड्याहून चिखलदऱ्यास जाणारे दोन रस्ते प्रचारात आहेत. एक धामणगाव गढीवरून घाट चढतो व सुमारे 30 किलोमीटरांत पोहोचवितो. दुसरा घटांगवरून वळसा घेऊन जातो. सायकलस्वाराने कोणता पत्करावा, हा प्रश्न वरवर आवडीचा वाटतो. वस्तुतः तो मापनाचा आहे. अंतर व चढ ही दोन भिन्न परिमाणे असल्याने त्यांची तुलना करण्यापूर्वी त्यांना एका मापात आणणे अवश्य ठरते. ते समान माप म्हणजे श्रम होय.

पायी चालणाऱ्यासाठी असे माप स्कॉटलंडमधील गिर्यारोहक नेस्मिथ याने 1892 मध्ये सुचविले. दर 3 मैलांस एक तास आणि त्याखेरीज दर 2000 फूट चढास आणखी एक तास, असा त्याचा नियम आहे. त्यावरून 1 फूट चढ सपाटीवरील सुमारे 8 फुटांच्या बरोबरीचा ठरतो.

सायकलस्वारास हे प्रमाण लागू पडत नाही. स्वार व सायकल यांचे एकत्रित वजन 80 किलोग्रॅम धरल्यास 1 मीटर चढास सुमारे 784 जूल कार्य करावे लागते. उलट, सपाट रस्त्यावर ताशी 18 किलोमीटर वेगाने जाताना चाकांचे घर्षण व हवेचा रोध मिळून साध्या सायकलीस साधारण 15 न्यूटन विरोध होतो. म्हणजे 1 मीटर चढ हा सुमारे 50 मीटर सपाटीइतका, आणि 100 मीटर चढ 5 किलोमीटरांइतका. सायकल सपाटीवरील श्रम फार कमी करते. म्हणूनच तिच्या हिशेबी चढ महाग पडतो. पादचाऱ्यास सोयीची सरळ पाऊलवाट सायकलस्वारास गैरसोयीची ठरते, ती याच कारणाने.

यावरून वळसा नेहमीच फायद्याचा, असे मात्र अनुमान काढता येत नाही. परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे 370 मीटर, तर चिखलदरा सुमारे 1100 मीटर उंचीवर आहे. मधले 730 मीटर कोणत्याही रस्त्याने गेले तरी चढावेच लागतात. वाटेत उतार लागून पुन्हा चढावे लागले, तर त्यांत भरच पडते. अशा ठिकाणी वळसा चढ वाचवीत नाही. फार तर तो अधिक अंतरावर पसरून सौम्य करतो. तथापि हा लाभही क्षुल्लक नव्हे. सपाटीवर वरील वेग राखणारा स्वार तेवढ्याच शक्तीने शेकडा 3 चढावर ताशी सुमारे 9 किलोमीटर जाईल. शेकडा 6 चढावर वेग ताशी 5 किलोमीटरांवर येऊन त्यास बहुधा उतरून सायकल ढकलावी लागेल.

धारणीच्या वाटेचे स्वरूप निराळे आहे. तेथे घटांगचा घाट चढून पुढे सिपना नदीच्या खोऱ्यात सेमाडोहकडे उतरावे लागते. मिळविलेली उंची येथे गमवावी लागते. सुमारे शेकडा 2 पर्यंतचा उतार चढाचे श्रम परत देतो. त्याहून तीव्र उतारावर त्यांचा मोठा भाग हवेच्या रोधात व ब्रेकमध्ये व्यर्थ जातो. परतताना तोच उतार चढ होऊन समोर येतो. म्हणून जेथे डोंगर ओलांडून पलीकडे जायचे असते, तेथेच वळशाने चढ खरोखर वाचू शकतो. वाचलेल्या चढाची पन्नासपट वाढीव अंतराहून अधिक भरल्यास वळसा स्वीकारार्ह ठरतो.

या विचाराचे महत्त्व सहलीपुरते नाही. शिक्षणहक्काच्या 2010 च्या केंद्रीय नियमांत सहावी ते आठवीची शाळा 3 किलोमीटरांच्या आत असावी असे सांगून, दुर्गम भूभागात ही मर्यादा कमी करण्याची तरतूद केली आहे. किती कमी करावी, हे केवळ नकाशावरील अंतरावरून ठरत नाही. मेळघाटातील एखादी शाळा गावापासून 3 किलोमीटर दूर व 100 मीटर उंच असेल, तर सायकलीने जाणाऱ्या मुलीस ती वरील प्रमाणाने 8 किलोमीटर दूर आहे.