जुनं खेळणं आधी उलटं करून पाहा

जुन्या खेळण्याचं वय बहुतेक लोक रंगावरून ठरवतात आणि तिथेच फसतात. रंग घासून उडवता येतो, गंज चढवता येतो, कोरा खोका चहाच्या पाण्याने पिवळा करता येतो. वस्तू कशी घडवली गेली, हे लपवणं मात्र फार अवघड. म्हणून खेळणं हातात आलं की आधी ते उलटं करावं. तळ, सांधे आणि स्क्रू चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतात.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या बिडाच्या करामती बँका, म्हणजे नाणं टाकलं की हालचाल करणाऱ्या बचतपेट्या. कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेल गावच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीने १८६९ मध्ये ‘हॉल्स एक्सेल्सियर’ ही बँक काढली आणि पुढे या खेळण्यांची लाटच आली. त्याच कंपनीच्या ‘टॅमनी’ बँकेत खुर्चीत बसलेल्या लठ्ठ पुढाऱ्याच्या हातावर नाणं ठेवलं की तो ते कोटाच्या खिशात सारतो आणि मान डोलावतो. न्यूयॉर्कच्या भ्रष्ट राजकारणावरची ही टीका मुलांना बचत शिकवता शिकवता घरोघर पोचली. आज अशा बँकांना मोठी किंमत येते, त्यामुळे नकलाही उदंड आहेत.

नक्कल करणारा बहुधा मूळ खेळणंच पॅटर्न म्हणून वाळूत दाबतो आणि त्या साच्यात नवं बीड ओततो. इथे धातूच त्याला उघडं पाडतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: बिडाचा रस थंड होताना साधारण एक टक्का आकसतो, म्हणून पॅटर्न नेहमी तेवढा मोठा करतात. मूळ कारखान्यात ही सूट धरलेली होती. तयार खेळण्यावरून साचा घेणाऱ्याला ती मिळत नाही. २० सेंटीमीटर लांबीचा तळ नकलेत सुमारे दोन मिलिमीटरने आखूड भरतो. संग्राहकांनी अस्सल बँकांच्या तळांच्या बाह्यरेषा कागदावर उतरवून छापल्या आहेत, त्या यासाठीच. बँक त्या रेषेवर ठेवायची. चारी बाजूंनी रेघ बाहेर दिसू लागली की संशयाला जागा आहे.

मोजमाप हाताशी नसेल तर बोट फिरवावं. जुन्या कारखान्यांत बारीक वाळू वापरत आणि ओतकामानंतर कडा घासून साफ करत, त्यामुळे अस्सल बँकेचा पृष्ठभाग गुळगुळीत लागतो आणि दोन अर्ध्या भागांचा सांधा घट्ट बसतो. नकलेचं अंग रवाळ असतं, सांध्यात फट राहते. स्टार स्क्रू दिसला तर तो तरी नंतरचा आहे हे नक्की. ते १९३०च्या दशकात वापरात आले. जुना गंज गडद तपकिरी आणि चिकटून बसलेला असतो. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर तो अलीकडचा. झीजही जागा पाहून होते. रोज बोट पडणारा खटका कोरा आणि कोणाचा हात न लागणारा कोपरा मात्र खरवडलेला, असं खऱ्या खेळण्यात घडत नाही.

नक्कल करणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. १९५०च्या दशकात ‘बुक ऑफ नॉलेज’च्या नावाने अशा बँकांच्या प्रतिकृती निघाल्या आणि त्या प्रतिकृती असल्याचं तळावरच लिहिलं होतं. लबाडी सुरू होते ती ती अक्षरं घासून टाकणाऱ्या हातापासून. तळाचा एखादाच पट्टा वेगळा चकचकीत दिसला तर तिथे काय होतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

टिनच्या खेळण्यांत मोजमाप कामी येईलच असं नाही. स्पेनमधल्या इबी गावच्या पाया कंपनीने १९८०च्या दशकात स्वतःच्याच जुन्या साच्यांवरून खेळणी पुन्हा काढली. आकार जुनाच, वय नवं. अशा वेळी भिंग घ्यावं. जुन्या छपाईत रंगांचे सलग थर दिसतात. स्कॅन करून छापलेल्या टिनवर किंवा खोक्यावर चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी दिसते. खोक्यावर अतिनील दिवाही धरावा: कागद शुभ्र करणारी रसायनं साधारण १९५० नंतर रुळली, तेव्हा १९३०च्या दशकातला म्हणून दाखवलेला खोका निळसर उजळला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

आपल्याकडच्या संग्राहकांचा जीव मुख्यतः गाड्यांवर. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी टॉइज’ १९३४ पासून त्या नावाने आल्या. युद्धापूर्वीच्या कित्येक डिंकी आज तडकून फुगलेल्या दिसतात, कारण जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहून गेली होती. हा दोष कोणाला नको असतो, पण नवीन ओतीव नकलेत तो सहसा सापडत नाही. डिंकीचे काही जुने साचे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ निघाल्या. त्यांना नक्कल म्हणून हिणवणं मला अजिबात पटत नाही. भारतीय मुलांच्या हातात पडलेली ती आपली स्वतंत्र खेळणी आहेत आणि निकी म्हणूनच जपली पाहिजेत.

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर अशी एखादी गाडी हाती लागली, तर तिचे टायर आणि तळाचे रिव्हेट आधी पाहावेत. जुन्या गाड्यांसाठी नवे टायर सर्रास मिळतात, आणि रिव्हेट पोखरून काढलेला असेल तर गाडी उघडून पुन्हा रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. दुरुस्त केलेली गाडी घ्यायला हरकत नाही. फक्त ‘टायर बदललेले, रंग नवा’ असं पावतीवर लिहून मागावं आणि विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल तर अस्सल गाडीचा भाव देऊ नये.