स्वयंसेवी संगणन : जोडणी तुटते तेव्हा दोष नेमका कुठे शोधावा?

घरातील संगणक रात्रभर चालू राहतो, सोपवलेली आकडेमोड पूर्ण होते. परंतु सकाळी पाहावे तर तयार उत्तर संगणकातच अडकून पडलेले असते. पडद्यावर संपर्क होऊ शकला नसल्याची सूचना तेवढी दिसते. विज्ञानसंशोधनासाठी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी पहिला संशय फायरवॉलवर घेतला जातो आणि अनेक जण ती सरसकट बंद करून टाकतात. या उपायाने अडचण सुटेलच याची खात्री नसते. संगणक मात्र असुरक्षित होतो. संपर्काच्या कोणत्या टप्प्यावर खंड पडला आहे हे आधी निश्चित केल्यास फायरवॉल बंद करण्याची वेळ सहसा येत नाही.

स्वयंसेवी संगणन म्हणजे एखादे प्रचंड गणिती काम लहान लहान तुकड्यांत विभागून ते जगभरातील सामान्य लोकांच्या संगणकांकडे सोपवणे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रातून मे १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’ या प्रकल्पाने ही कल्पना घराघरांत पोहोचवली. परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या संकेतांचा शोध हे त्याचे उद्दिष्ट होते. त्याच विद्यापीठात २००२ पासून ‘बॉइंक’ ही आज्ञावली विकसित करण्यात आली. एकाच आज्ञावलीतून अनेक प्रकल्पांना साहाय्य करण्याची सोय तिच्यामुळे झाली.

या कामाचे मोल कागदावरचे नाही. बॉइंकवर चालणाऱ्या ‘आइनस्टाइन अ‍ॅट होम’ प्रकल्पाने २०१० मध्ये प्युर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा स्पंदक तारा शोधून काढला. अमेरिकेतील आयोवा राज्यातील एक दांपत्य आणि जर्मनीतील माइन्त्स शहरातील एक स्वयंसेवक यांच्या संगणकांनी तो टिपला होता. हाच प्रकल्प अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या नोंदींतही गुरुत्वीय लहरींचा शोध घेतो. या वेधशाळांची भारतीय भगिनी असलेल्या ‘लायगो-इंडिया’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली असून ती महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात उभारली जाणार आहे.

प्रत्येक कामाला मुदत असते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या मुदतीत उत्तर पोहोचले नाही, तर तेच काम दुसऱ्या स्वयंसेवकाकडे पाठवले जाते. जोडणीतील दोष दीर्घकाळ दुर्लक्षित राहिल्यास अनेक तासांची आकडेमोड आणि त्यासाठी खर्च झालेली वीज वाया जाऊ शकते.

संपर्काचे तीन टप्पे

बॉइंक वरवर पाहता एकच आज्ञावली वाटते. प्रत्यक्षात तिचे दोन स्वतंत्र भाग आहेत. पडद्यावर दिसणारा ‘मॅनेजर’ सूचना देतो व माहिती दाखवतो. पार्श्वभूमीवर चालणारा ‘क्लायंट’ काम आणतो, करवून घेतो आणि परत पाठवतो. त्यामुळे संपर्काचे तीन टप्पे पडतात : संगणकाच्या आत मॅनेजर व क्लायंट यांच्यातील, संगणक व इंटरनेट यांच्यातील आणि क्लायंट व प्रकल्पाचा सर्व्हर यांच्यातील. तिन्हींचे दोष निराळे आणि उपायही निराळे असतात.

पहिल्या टप्प्यात दोष असल्यास मॅनेजरची खिडकी रिकामी दिसते आणि जोडणी तुटल्याची सूचना तळाशी उमटते. याचा इंटरनेटशी काही संबंध नसतो. हे दोन्ही भाग संगणकाच्या आतच ३१४१६ क्रमांकाच्या पोर्टवरून एकमेकांशी बोलतात. पायच्या ३.१४१६ या किमतीची आठवण करून देणारा हा क्रमांक लक्षात ठेवणे सोपे आहे. काही सुरक्षा आज्ञावली हा अंतर्गत संवादही अडवतात. तेव्हा दोन्ही भागांना परवानगी द्यावी लागते. कधी क्लायंट सुरूच झालेला नसतो. कधी मॅनेजरला परवलीच्या शब्दाची फाइल वाचता येत नाही. लिनक्सच्या डेबियन कुळातील प्रणालींमध्ये वापरकर्त्याचा समावेश ‘बॉइंक’ गटात नसल्यास ही अडचण हमखास उद्भवते.

दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांतील दोष ओळखण्यासाठी मॅनेजरमधील घटनांची नोंदवही, म्हणजे ‘इव्हेंट लॉग’, उघडावी. कंट्रोल, शिफ्ट आणि ई ही बटणे एकत्र दाबली की ती समोर येते. प्रकल्पाशी संपर्क फसला, तर बॉइंक एका परिचित संकेतस्थळाशी जोडणी होते का, हे स्वतःच तपासते. ती झाली, तर इंटरनेट ठीक असून प्रकल्पाचा सर्व्हर तात्पुरता बंद असावा, असा संदेश नोंदला जातो. तीही झाली नाही, तर जोडणी किंवा प्रॉक्सीची मांडणी तपासण्याची सूचना मिळते. अर्थात पहिला संदेश अंतिम मानता येत नाही. एखाद्या संस्थेच्या नेटवर्कवर केवळ त्या प्रकल्पाचा पत्ता अडवलेला असला, तरी हाच संदेश दिसतो.

फायरवॉलचा दोष किती?

फायरवॉल संगणकात येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या संपर्कावर लक्ष ठेवते. बॉइंकचा क्लायंट प्रकल्पाच्या सर्व्हरशी स्वतःहून संपर्क साधतो आणि त्यासाठी सामान्य ब्राउझरप्रमाणेच ८० व ४४३ ही पोर्टे वापरतो. बाहेरून आत येणारा मार्ग त्याला लागत नाही. विंडोजची अंगभूत फायरवॉल मूळ मांडणीत बाहेर जाणारा संपर्क अडवत नाही. म्हणून अडथळा बहुधा स्वतंत्रपणे बसवलेल्या सुरक्षा आज्ञावलीचा किंवा संस्थेच्या नेटवर्कचा असतो. बॉइंकची नवी आवृत्ती बसवल्यावर फाइल बदलते आणि आधी दिलेली परवानगी काही सुरक्षा आज्ञावली ग्राह्य धरत नाहीत. कालपर्यंत सुरळीत चालणारे काम आज थांबण्यामागे हे कारण असू शकते.

पडताळणीचा सोपा मार्ग असा : प्रकल्पाचे संकेतस्थळ त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. ते उघडत नसेल, तर दोष नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा. ते उघडत असूनही बॉइंकला संपर्क होत नसेल, तर सुरक्षा आज्ञावली, प्रॉक्सी किंवा सुरक्षा प्रमाणपत्र यांकडे वळावे. त्यानंतर संगणक काही मिनिटांसाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडावा. तेथे काम झाले, तर नेहमीच्या नेटवर्कवरच अडथळा आहे हे स्पष्ट होते. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही.

काम मिळते पण उत्तर जात नाही, असाही प्रकार घडतो. काम वाटणारा आणि उत्तरे स्वीकारणारा असे दोन निरनिराळे सर्व्हर काही प्रकल्पांत असतात. परवानगी केवळ एका पत्त्यापुरती दिलेली असेल, तर दुसऱ्या पत्त्यावर जाणारी फाइल अडकते.

प्रमाणपत्राचा दोषही फसवा असतो. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची ओळख प्रमाणपत्रावरून पटवली जाते. संगणकाचे घड्याळ चुकीची तारीख दाखवत असेल, तर वैध प्रमाणपत्रही बाद ठरते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेच्या साखळीतील एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरातील अनेक जुन्या आज्ञावलींना सुरक्षित संकेतस्थळे ओळखता येईनाशी झाली. विश्वसनीय प्रमाणपत्रांची यादी बॉइंक स्वतःजवळ बाळगते. त्यामुळे आवृत्ती जुनी राहिल्यास हा दोष संभवतो. आवृत्ती अद्ययावत करणे हाच त्यावरील उपाय आहे.

दोष नसताना दिसणारा दोष

दुरुस्ती योग्य झाली तरी लगेच काही घडताना दिसत नाही, याचेही कारण आहे. संपर्क फसत गेला की बॉइंक पुढील प्रयत्नाआधीचा अवधी वाढवत नेते. बंद पडलेल्या सर्व्हरवर हजारो संगणकांनी एकाच वेळी धडका देऊ नयेत, हा त्यामागील हेतू. म्हणून दुरुस्तीनंतर प्रकल्पाच्या यादीतील ‘अपडेट’ आणि फाइलींच्या यादीतील ‘रिट्राय नाऊ’ ही बटणे दाबून पाहावीत. ते न करता दुरुस्ती फसली असे समजून आणखी बदल करत राहिल्यास गोंधळ वाढतो.

नेटवर्कचा वापर मॅनेजरच्या ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ यादीतून नकळत बंद झालेला असणे, ही नेहमीची साधी चूक आहे. अँड्रॉइड मोबाइलवर तर मूळ मांडणीतच बॉइंक चार्जिंग सुरू असताना आणि वाय-फाय असतानाच काम करते. मोबाइल डेटावर ती गप्प राहते, तो बिघाड नसतो.

कधी दोष पूर्णपणे पलीकडचा असतो. सेटी अ‍ॅट होमने ३१ मार्च २०२० पासून नवे काम पाठवणे थांबवले. आयबीएमने २००४ मध्ये सुरू केलेला ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ हा प्रकल्प टोरांटो येथील क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला, तेव्हा २०२२ मधील स्थलांतराच्या काळात त्याचे काम काही महिने थांबले होते. अशा वेळी स्वतःच्या संगणकात कितीही बदल केले तरी उपयोग नसतो. प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील सूचना आधी वाचणे श्रेयस्कर.

जेथे इंटरनेट वारंवार खंडित होते, तेथे काही दिवसांचे काम आगाऊ साठवण्याची सोय बॉइंकच्या मांडणीत आहे. आकडेमोडीला इंटरनेट सहसा लागत नाही. काम आणताना व उत्तर देताना ते लागते. मात्र मुदतीत पूर्ण होईल इतकेच काम साठवावे.

सुरक्षिततेची मर्यादा

फायरवॉल बंद करण्याऐवजी क्लायंटला बाहेर जाण्याची परवानगी देणे पुरेसे ठरते. दुसऱ्या संगणकावरून बॉइंक नियंत्रित करायचे असल्यासच ३१४१६ पोर्ट घरगुती नेटवर्कपुरते मोकळे करावे आणि परवलीचा शब्द भक्कम ठेवावा. राउटरवरून ते सर्व इंटरनेटसाठी खुले करण्याचे कारण नाही.

कार्यालय, महाविद्यालय किंवा वसतिगृहाच्या नेटवर्कवर प्रॉक्सी अथवा निर्बंध असतील, तर त्यांना बगल न देता नेटवर्क सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्यावी. संगणक संस्थेचा असल्यास ती अपरिहार्यच आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका तांत्रिक महाविद्यालयात संगणक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने अशीच आज्ञावली विनापरवाना बसवली, तेव्हा त्याच्यावर फौजदारी कारवाई झाली होती. परवानगी मागताना ‘बाहेर जाणारी ८० व ४४३ ही पोर्टे आणि प्रकल्पाचे पत्ते’ एवढीच नेमकी मागणी मांडावी. नेटवर्क सांभाळणाऱ्याला अशा मर्यादित मागणीवर निर्णय घेणे सोपे जाते.